शिंपी म्हणजे शिंपी

शिंपल्याला शिंपला म्हणायचं, एवढं साधं काम जयवंता बेलसरेला उभ्या जन्मात जमलं नाही. तिचं माहेर अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या काठी. उन्हाळ्यात नदी आटली की गावच्या पोरी वाळूतून ओच्यात भरून शिंपले वेचून आणत, आणि तिच्या घरात त्याला शिंपी म्हणत. शिंपीनं कैरीची साल काढायची, शिंपीनं दुधाच्या भांड्याची खरवड काढायची, तान्ह्या लेकराला गुटी पाजायची तीही शिंपीनंच. मग लग्न होऊन ती शेंदूरजनाघाटाजवळच्या हिवरीत आली. हा संत्र्याचा मुलूख. इथं शिंपी म्हणजे कपडे शिवणारा माणूस. तिच्या येण्याला आता पस्तीस वर्षं झाली. नवऱ्यानं समजावलं, लेकीनं समजावलं, शेजारणी तर पदर तोंडात घालून हसल्या. पण बाई आपल्या शब्दावरून इंचभर हलली नाही.

"शिंपी म्हंजे शिंपी," ती म्हणायची. "कपडे शिवते तो टेलर. तुमीच त टेलर म्हनता न त्याले? मंग माह्या शिंपीवर काहून उठले?"

यात खोटं काय होतं? काहीच नाही. पण याच एका शब्दानं तिला पुढं असं काही तोंडघशी पाडलं की हिवरीतले लोक अजून ती हकिगत सांगताना डोळे पुसतात. हसून हसून, बरं का. रडून नव्हे.

तर झालं असं. तिचे यजमान खुशालराव यांनी आपल्या संत्र्याच्या बगीच्यात एक शेततळं खोदलं होतं. उन्हाळ्यात झाडांना पाणी कमी पडू नये म्हणून. तळं झालं, भरलं, आणि जयवंतानं काठावर उभं राहून त्यात पाहिलं तेव्हा तिला माहेरची नदी आठवली. त्याच वर्षी अमरावतीला मोत्याच्या शेतीचं तीन दिवसांचं शिबिर होतं. ही गेली. चुलीपुढं बसणारी, पन्नाशीला टेकलेली बाई शिकायला गेली, म्हणून गावानं नावं ठेवली, पण तिनं शिकून घेतलं. जिवंत शिंपली नखभर उघडायची, आत गणपतीचा बारका साचा सरकवायचा, पुन्हा मिटू द्यायची, आणि जाळीच्या पिशवीत घालून वर्षभर पाण्यात टांगून ठेवायची. वर्षानं उघडली की साच्यावर मोत्याचा थर चढलेला असतो. त्याच्या अंगठ्या होतात, लॉकेटं होतात. तिनं पहिल्या खेपेला दोन हजार शिंप्या सोडल्या.

खुशालराव तळ्याला डबकं म्हणायचे. तोंडावर म्हणायचे.

"काय वं, तुह्या डबक्यातल्या गणपतीची आरती झाली का?"

"झाली. परसाद भेटनार नाई तुमाले."

आणि मग नेमका लॉकडाउन आला. शिंप्या उघडायची वेळ आणि नागपूरचा व्यापारी फोन उचलीना. त्यात तळ्यात ताजं पाणी सोडणारी मोटर जळाली. वाइंडिंगचं दुकान बंद, रस्त्यावर पोलीस, ऊन पंचेचाळीस. चार दिवसांत आठशे शिंप्या मेल्या. जयवंतानं त्या एकेक करून बाहेर काढल्या, बगीच्यात खड्डा केला आणि पुरल्या. उरलेल्या बाराशे पुढं कशाबशा विकल्या गेल्या, कारण लग्नंच होत नव्हती तर अंगठी घेणार कोण? तरी बाईनं हार मानली नाही. आलेल्या पैशात दुसऱ्या दिवाळीला नव्या पंधराशे सोडल्या.

यावर खुशालराव मात्र अडून बसले. आता त्यांनाही दोष देता येत नाही. झाडांवर आंबिया बहार लागलेला, मेच्या उन्हात पाणी नाही दिलं तर लिंबाएवढी फळं पटापट गळतात. ते म्हणाले, "हे पाय, अक्षय तृतीयेपर्यंत तुहं डबकं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डबक्याचं पाणी बगीच्याले सोडनार. झाडं मरू द्यू का शिंपल्यासाठी?"

"नाल्यावरच्या विहिरीले पाणी हाय न," जयवंता म्हणाली. "तिथून पाइप टाकला त झाडं बी जगतीन अन् माह्या शिंप्या बी."

"पाइपाले पैसे तुहा गणपती देते का?"

एवढं बोलून ते तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत निघून गेले. त्या दिवसापासून जयवंताच्या डोक्यात पाइप बसला. ती रोज सकाळी तळ्यावर जायची, काठावर बसून कोपरापर्यंत हात पाण्यात घालायची. पाणी किती तापलं, किती उतरलं, हे तिला हातालाच कळायचं. आणि तिथंच बसून ती अक्षय तृतीयेचे दिवस मोजायची.

अशात एक दिवस पेपरात बातमी आली. कोरोनाच्या काळात नुकसान झालेल्या किनाऱ्यावरच्या कोळंबी, कालवं आणि शिंपले वाढवणाऱ्यांना सरकारची मदत मिळणार. जयवंतानं ती बातमी कापली, चारदा वाचली आणि खुशालरावांपुढं धरली.

"अवं, हे समुद्राकाठच्या लोकाईसाठी हाय," ते म्हणाले. "किनारा लिवलं हाय त्याच्यात. तुहं काय समुद्र हाय का?"

"तळ्याले किनारा नसते का? मी रोज कशावर बसतो मंग?"

ती कात्रण घेऊन शेंदूरजन्याला गेली, बाजारातल्या सेतू केंद्रावर. केंद्र चालवणारा बंडू हा चाळिशीतला माणूस, ऑनलाइन अर्ज भरून देण्यात त्याचा हातखंडा. त्यानं बातमी पाहिली, संगणकावर अर्ज उघडला आणि वाचायला लागला.

"समुद्रकिनाऱ्यापासूनचं अंतर, किलोमीटरमधी."

"सातशे लिव."

बंडूनं सातशे लिहिलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. "घेत नाई काकू. पन्नासच्या आतलं मांगते."

"मंग काय समुद्र अलीकडे ओढून आणू मी?"

"खाडीचं नाव?"

"आपल्याकडे कायची खाडी? नाला लिव."

नालाही घेतला नाही. भरतीची वेळ विचारली, बोटीचा नंबर विचारला. जयवंता घामाघूम झाली. बाहेर दहा माणसं ओळीत उभी, त्यातला एकजण लाइट जायच्या आत माझं करा म्हणून ओरडत होता. बंडूनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "असं करू. या कोरोनाच्या मदतीत बाकीच्या धंद्याईची बी एक मोठी यादी हाय. त्याच्यात तुमचा धंदा हाय का पायतो. काय म्हनता तुमी त्याले, सांगा बरं?"

"शिंपी."

बंडूनं टाइप केलं आणि खुर्चीतून उडालाच. "सापडलं! हे घ्या, शिंपी! याच्यात समुद्र नाई, खाडी नाई, बोट नाई. एकच इचारते, धंद्याचं साधन सोताचं हाय का?"

"हाय न. सोताच्या हातानं टांगलं."

"दाबू?"

"दाब, बापा, दाब लवकर!"

त्यानं दाबलं. पावती निघाली. जयवंतानं ती कपाळाला लावली, बंडूला दोन संत्री दिली आणि घरी येईपर्यंत रस्त्यात भेटेल त्याला सांगितलं की सरकारदरबारी शेवटी तिच्या माहेरचाच शब्द चालतो.

दीड महिन्यानं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. ती पहिल्यांदा वाचली केशरबाईनं. केशरबाई म्हणजे जयवंताची शेजारीण, साठीची, आणि खरीखुरी टेलर. अर्ध्या गावाची पोलकी तिच्या पायमशीनवर शिवून झालेली. ती धापा टाकत जयवंताच्या ओसरीत आली आणि खाली बसून पोट धरून हसायलाच लागली.

"अवं माय! जयवंते, तू टेलर झाली वं! फळ्यावर लिवलं हाय. जयवंता खुशालराव बेलसरे, व्यवसाय शिंपी, मदतीले पात्र. अन् खाली लिवलं, शिलाई मशीन पाहाले मॅडम येनार!"

जयवंताला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा तिनं बोटांवर दिवस मोजले. अक्षय तृतीया आठ दिवसांवर आली होती. पुन्हा अर्ज करायला वेळ कुठला? आणि करणार कोणता? समुद्र तर काही अलीकडे येणार नव्हता.

"आता काय करू वं केशरबाई? माह्या शिंप्या गेल्या आता."

"काई जात नाई," केशरबाई म्हणाली. "माही मशीन आणून ठेव तुह्या ओसरीत. मॅडम आली की मशीनपाशी बस. फोटो काढतीन अन् जातीन. पैसे तुले, पाइप तुले."

"अन् तुवा अर्ज नाई भरला का? खरी टेलर त तू हायेस."

"मी कुठं भरू? सरकारचं काई भेटत नाई म्हनून मी गेलीच नाई. चाल, एकीचं तरी होऊ दे."

जयवंताचं मन काही मानेना. पण डोळ्यांपुढं पिशवीतल्या त्या पंधराशे शिंप्या आल्या आणि तिनं ओसरीत मशीनला जागा केली. मशीन आली. दोन दिवस केशरबाईनं तिची शिकवणी घेतली. पोलक्याचं माप, काज, बटण, फॉल-पिको. सुईत दोरा ओवताना जयवंताची जीभ बाहेर यायची आणि दोरा सुईच्या बाजूनं निघून जायचा. खुशालराव कोपऱ्यात खाटेवर बसून हा सगळा तमाशा पाहत होते. एका शब्दानं काही बोलले नाहीत. एरवी दिवसातून दहा टोमणे मारणारा माणूस गप्प बसला, म्हणजे डोक्यात काहीतरी चाललं असणार. पण जयवंताला त्याकडं बघायला सवड नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला मॅडम आल्या. स्कूटीवर, तोंडाला ओढणी गुंडाळून, उन्हानं लालबुंद. ओढणी सोडली तर आत जेमतेम सत्तावीस वर्षांची पोरगी. इशिता तिचं नाव, अकोल्याच्या एका वकिलाची मुलगी, नोकरीला लागून चार महिने झालेले. जयवंतानं तिला आधी पन्हं दिलं, मग मशीनपुढं जाऊन बसली. केशरबाई मागं उभी राहिली, चुकलं तर चिमटा काढायला.

इशितानं फाइल उघडली. "काकू, लॉकडाउनच्या आधी तुमच्याकडे किती शिंपी होते?"

इथं घात झाला. दोन दिवसांत केशरबाईनं सगळं पढवलं होतं, फक्त हा शब्द पढवायचा राहिला होता. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी जयवंताला तिच्याच शब्दात, इतक्या आपुलकीनं तिच्या शिंप्यांबद्दल विचारत होतं. ती मशीनबिशीन विसरली.

"दोन हजार," ती म्हणाली.

इशिताचं पेन थांबलं. "दोन हजार? या घरात?"

"घरात कशाले? घरात त मरतीन न. तळ्यात. पिशवीत घालून टांगून ठेवतो."

केशरबाईनं चिमटा काढला. जयवंतानं तिचा हात झटकला.

"आणि... लॉकडाउनमध्ये?" इशितानं घाबरत विचारलं.

"काय सांगू मॅडम," जयवंता म्हणाली, "आठशे मेल्या. चार दिवसांत. माह्या डोयादेखत."

"अरे देवा! आठशे? सगळ्या बायका?"

"आता त्याईच्यात बाई कोनती अन् बुवा कोनता, वरून कसं समजन? सारखेच दिसतेत."

"मग तुम्ही कळवलं नाही कुणाला? त्यांचं पुढं काय केलं?"

"काय करनार? बगीच्यात खड्डा केला अन् पुरल्या. पन त्या वळीतल्या झाडाईचे संत्रे त्या साली काय गोड झाले म्हनता! थांबा, या सालचे बी हायेत दोन, देतो तुमाले."

इशितानं पन्ह्याचा ग्लास अगदी हळू खाली ठेवला. "आणि उरलेल्या?" तिनं कसंबसं विचारलं.

"बाराशे उरल्या होत्या. त्याईचे पोटं उघडले अन् विकून टाकलं."

यावर केशरबाईचा धीर सुटला. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू फुटायचं ते फुटलंच. खाटेवर खुशालरावांना ठसका लागला. इशिता एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहत पाय दाराकडं वळवून बसली होती.

"मजाक करते मॅडम ते," केशरबाई कशीबशी म्हणाली. "लई मजाकी बाई हाय. मनावर घेऊ नका."

इशितानं सुटकेचा श्वास सोडला. मग तीही हसली. "बापरे काकू! घाबरवलंत मला. बरं, ऐका. मला आज अजून सहा गावं करायची आहेत. तुमचं नाव यादीत आहे, मशीन समोर आहे. एक फोटो काढते, तुम्ही फक्त सांगा, नाव जयवंता बेलसरे, व्यवसाय शिंपी. झालं. चार दिवसांत खात्यात पैसे."

तिनं मोबाइल वर धरला. जयवंतानं पायडलवर पाय ठेवला, हात चाकावर ठेवला, तोंड उघडलं. व्यवसाय शिंपी. शब्द तर तिचाच होता. जन्मभर तो तिनं सोडला नव्हता आणि आता म्हणायला सांगितला तर खोटा होत होता! अक्षय तृतीया पाच दिवसांवर. हो म्हटलं की पाइप. नाही म्हटलं की तिच्या दुसऱ्या दिवशी... पुढचं तिला मनातही म्हणवेना. तिनं मागं वळून केशरबाईकडं पाहिलं. साठ वर्षांची बाई, लॉकडाउनमध्ये एका पोलक्यासाठी महिना महिना वाट पाहिलेली, आपली मशीन दुसरीला देऊन हसत उभी होती.

जयवंता उठली.

"नाई मॅडम. हे मशीन माही नाई, हिची हाय. टेलर हे हाय, केशरबाई. मले सुईत दोरा बी ओवता येत नाई. मी शिंप्या पाळतो. शिंपले, तुमच्या भाषेत." आणि हा शब्द तोंडातून गेल्यावर तिला रडूच आलं. "त्याच मेल्या होत्या आठशे. मजाक नाई केला मी."

इशितानं मोबाइल खाली घेतला. जयवंतानं पुढं केलेलं कात्रण पाहिलं, पावती पाहिली, आणि तिला सगळा घोटाळा उलगडला. "काकू," ती अवघडून म्हणाली, "मग मला हा अर्ज रद्द करावा लागेल हो."

"करा," जयवंता म्हणाली. "पन हिचा भरून घ्या. शिंपी पाहाले आल्या न तुमी? हे पाहा. शिंपी."

पस्तीस वर्षांत तिनं टेलरला पहिल्यांदा शिंपी म्हटलं. केशरबाईचं हसणं तिथंच थांबलं. तिनं जयवंताचा दंड घट्ट धरला आणि सोडलाच नाही. इशितानं नवा अर्ज काढला, केशरबाईला मशीनपुढं बसवलं आणि फोटो काढला. त्या फोटोत केशरबाईचं नाक लाल आहे, पण मशीन छान दिसते.

इशिता निघायला उठली तेव्हा खाटेवरचे खुशालराव बोलले.

"मॅडम, तळं पायल्याबिगर जाऊ नका."

जयवंतानं चमकून पाहिलं. हा माणूस तळ्याला तळं म्हणाला होता.

सगळे निघाले. पुढं खुशालराव, मागं इशिता, तिच्यामागं दोघी बाया. गोठ्याच्या मागून वाट होती. तिथं कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगापाशी इशिताचा पाय कशाला तरी अडकला आणि ती पडता पडता वाचली. कुटारातून काळ्या पाइपाचं एक टोक बाहेर आलं होतं. केशरबाईनं ते धरून ओढलं. पाइप येतच राहिला. एक वेटोळं, दोन वेटोळी, निम्मं कुटार खाली आलं तरी पाइप संपेना.

"अवं माय!" केशरबाई म्हणाली. "हा कोनाचा इतका पाइप?"

खुशालराव कान खाजवत उभे राहिले. पकडले गेले होते.

"कधी आणला?" जयवंतानं विचारलं.

"झाले पंधरा दिवस. व्यापाऱ्याकडून बगीच्याचा इसार आला न, त्यातून."

"पंधरा दिवस! अन् मी इथं सुईत दोरा ओवून ओवून आंधळी झाली! सांगाले काय झालं होतं तुमाले?"

"मी अक्षय तृतीया म्हनलो होतो न," खुशालराव पुटपुटले. "आपला शब्द आपनच कसा मोडाव? म्हनलं, सरकारचे पैसे आले त सांगाचं कामच नाई. नाई आले त त्या दिवशी काढू बाहेर."

यावर जयवंता त्यांना काय काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. इशितासमोर बोलली, हे विशेष. पण बोलताना ती हसत होती आणि मधेच डोळेही पुसत होती, त्यामुळं निम्मे शब्द कुणाला ऐकूच आले नाहीत. खुशालराव मात्र पहिल्या पावसात भिजलेल्या माणसासारखे खुशीत उभे होते.

तळ्यावर पोचल्यावर खुशालराव थांबेनात. त्यांनी एक पिशवी वर ओढली आणि इशिताला दाखवायला लागले. या तीन फुटांवर टांगाच्या, याच्या खाली थंड पडते. पाणी हिरवं असलं त चांगलं, हिरवळच खातेत या. जास्त हिरवं झालं की थोडं बदलाव लागते. शेणाचं पाणी आठवड्यातून एकदा, तेही गाळून. जयवंता ऐकत राहिली. हे सगळं तिनं यांना कधी सांगितलं होतं? कधीच नाही. म्हणजे डबकं डबकं म्हणत हा माणूस तीन वर्षं झाडाआडून बघत होता!

इशिता काठावर बसली. एक शिंपली हातात घेऊन तिनं ती उलटसुलट पाहिली. मग फाइलच्या तळातून एक छापील अर्ज काढला. "हा किनाऱ्यावरच्या शिंपलेवाल्यांचा. ऑनलाइन होत नाही, पण कागदावर मी शेरा मारून वर पाठवू शकते. मंजूर होईल असं मी सांगत नाही हं, काकू. पण बातमीत किनारा म्हटलंय, आणि अर्जातही किनारा म्हटलंय. कशाचा किनारा, ते यात कुठंच लिहिलेलं नाही."

"मी हेच सांगून राहिली होती!" जयवंता म्हणाली.

इशिता लिहीत गेली. नाव, गाव, शिंपले किती सोडले, किती मेले. खुशालराव शेजारी उकिडवे बसून एकेका प्रश्नाचं उत्तर जयवंताच्या आधी देत होते. जयवंतानं दोनदा डोळे वटारले, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. आठशेचा आकडाही त्यांनी स्वतः सांगितला.

"आता हा रकाना," इशिता हसत म्हणाली. "समुद्रापासूनचं अंतर. इथं संगणक नाही अडवायला, तुम्ही सांगाल ते लिहिते. काय लिहू?"

जयवंता सातशे म्हणायला गेली. पण खुशालरावांनी आधी तळ्याकडं पाहिलं, मग झाडांपलीकडं दिसणाऱ्या आपल्या घराच्या कौलांकडं पाहिलं.

"घरापासून तीनशे पावलं," ते म्हणाले.

इशिताचं पेन कागदावर टेकलं आणि तसंच राहिलं. केशरबाईनं तोंडाला पदर लावला. जयवंतानं नवऱ्याकडं पाहिलं. मग तिनं नाक ओढलं, पदर खोचला आणि शिंप्यांची पिशवी जपून पुन्हा पाण्यात सोडली.

"तीनशे नाई," ती म्हणाली. "दोनशे साठ. मॅडम, बरोबर लिवा. मी रोज चालतो."